येसायाचं इंग्रजी

"आज कोंड्यापासून सांगू, की कसाव्यापासून?" येसायानं विचारलं.

तो अंगणात उकिडवा बसून पाय घासत होता. टाचांच्या भेगांत बसलेली लाल माती काही केल्या निघत नव्हती. बाजूला तारेवर त्याचा पांढरा सदरा वाळत होता. पाहुणे येणार असले की तो सदरा हमखास धुतला जायचा.

"नेहमीसारखंच," मी म्हणालो. "कोंड्यापासून. फक्त आज जरा सावकाश. मुख्य बाई येणार आहेत."

"नदीपलीकडच्या गावाचं ठरवणार आहेत त्या?"

"त्याच."

त्यानं मान डोलावली आणि दुसरा पाय पुढे घेतला. "म्हणजे कसावा नीट सांगायला हवा."

ही गोष्ट मलावीतली. आफ्रिकेच्या पूर्व अंगाला एका लांबलचक सरोवराच्या काठानं पसरलेला हा चिंचोळा देश. मी माढा तालुक्यातला. शेतकीची पदवी घेतली, आपल्याकडे चारदोन वर्षं पाणलोटाची कामं केली आणि मग एका संस्थेमार्फत तिकडे गेलो. डेड्झाच्या डोंगराखाली चिम्वाला नावाचं गाव होतं, तिथे माझं काम चालायचं. गावातली अगदी तळाची कुटुंबं निवडायची. त्यांना शेळ्या द्यायच्या, मक्याचं नि कांद्याचं बियाणं द्यायचं, पायानं चालवायचा पाण्याचा पंप द्यायचा आणि मुख्य म्हणजे दोन वर्षं त्यांच्याकडे जात-येत राहायचं. काम चांगलं होतं. आजही कोणी विचारलं तर मी तेच सांगेन.

येसाया न्खोमा हा पहिल्या निवडीतला. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या झोपडीचं गवत कुजून काळं पडलं होतं. बायको एनिफा खोकत दारात बसली होती. मुलगी तियामिके कधीतरी मरता मरता वाचली होती, तरी तिचे केस अजून तांबूस आणि विरळ होते. त्यानंतर चार पावसाळे गेले. आता घरावर पत्रा होता, गोठ्यात शेळ्या होत्या, नदीकाठच्या तुकड्यात कांदा, टोमॅटो होता आणि तियामिके शाळेत इंग्रजीत पहिली येत होती.

पाहुण्यांचा सिलसिला सुरू झाला तो असाच. देणगी देणारे लोक काम पाहायला यायचे आणि कुणातरी शेतकऱ्याशी बोलायचं म्हणायचे. एकदा मी त्यांना येसायाकडे नेलं. त्यानं सांगितलं, आणि असं सांगितलं की ऐकणारे गप्प झाले. घरातला मका संपल्यावर गिरणीच्या जमिनीवर सांडलेला कोंडा गोळा करून कसा खाल्ला, मुलीचे पाय कसे सुजले. आणि शेवटी एका विधवा म्हातारीच्या शेतात अंधारात शिरून त्यानं कसावा उपटला, पकडला गेला. आपल्याकडे साबुदाणा होतो ना, तोच हा कंद. तिकडच्या गरिबाचं ते जेवण.

त्यानंतर ऑफिसातून फोन आला की वाक्य ठरलेलं असायचं: "न्खोमांकडे घेऊन जा." येसाया चिचेवा भाषेत बोलायचा, मी शेजारी उभा राहून त्याचं इंग्रजी करायचो. चिचेवा मला एव्हाना घरच्यासारखी यायला लागली होती. गावात मला बाम्बो दिगा म्हणत. बाम्बो म्हणजे वडीलधारा पुरुष, आणि दिगंबरचा दिगा.

त्या दिवशी येसायाच्या मनात वेगळंच ओझं होतं. त्याची बहीण मालिता नदीपलीकडच्या कांबिरी गावात राहायची. नवरा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. तीन मुलं आणि तळहाताएवढी जमीन. कांबिरीतल्या चाळीसेक कुटुंबांसाठी तसंच काम सुरू करायचं की नाही, ते या बाईंच्या हातात होतं. मी हे येसायाला सांगायला नको होतं. बोलता बोलता सांगून गेलो होतो.

"मालिताला सांगू नका अजून," तो सदरा चढवत म्हणाला. "उगाच वाट बघत बसेल."

थोड्या वेळानं गाडी आली. देणगीदारांच्या मुख्य बाई मिसेस पेनफोल्ड साठीच्या होत्या, पायांत साध्या चपला होत्या. खुर्ची मांडली होती, पण त्या चटईवर एनिफाच्या शेजारी मांडी घालून बसल्या. सोबत आमचे साहेब आणि कॅमेरा घेतलेला एक तरुण होता. बाई मनापासून सगळं पाहत होत्या. त्यांनी गोठ्यात वाकून शेळीच्या पिल्लाला कुरवाळलं, पंपावर उभं राहून पाय मारून पाहिले आणि दमल्यावर स्वतःलाच हसल्या. मी पुष्कळ पाहुणे पाहिले होते. ही बाई त्यांच्यातली चांगली होती.

परतताना त्या गोठ्याच्या दोरीत पाय अडकून पडणार, एवढ्यात तियामिके पुढे आली आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "जपून, मॅडम. दोरी आहे."

बाई थबकल्या. "अरे वा! इतकं छान इंग्रजी कुठे शिकलीस?"

"शाळेत."

"आज शाळा नाही?"

"मास्तरांच्या घरी मयत झालंय. सुट्टी आहे."

मला आठवतं, तेव्हाच माझ्या मनात आलं की पाहुणे आलेले असताना तियामिके घरी असण्याची ही पहिलीच वेळ. एरवी गाड्या यायच्या त्या सकाळी, ती शाळेत असताना.

बाईंनी तिचा हात धरला. "मग वडील काय म्हणतात ते आज तूच सांग मला. सांगशील?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची हरकत नाही ना?"

माझा घसा धुळीनं बसला होता. शिवाय, खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला. आमच्या कामातून शिकलेली मुलगी वडिलांची गोष्ट इंग्रजीत सांगणार, याहून मोठा पुरावा तो काय द्यायचा! साहेबांनीही मला डोळ्यांनीच शाबासकी दिली.

तियामिके वडिलांच्या मागे उभी राहिली, वर्गात धडा म्हणायला उभी राहतात तशी, हात पाठीमागे घेऊन. कुंपणापलीकडे नेहमीप्रमाणे गावातली माणसं आणि पोरं जमली होती.

येसाया सुरू झाला. "त्या वर्षी जानेवारीत घरातला मका संपला. मी आणि माझी बायको गिरणीत जायचो आणि खाली सांडलेला कोंडा झाडून गोळा करायचो."

तियामिके म्हणाली, "त्या वर्षी पीक कमी आलं. माझे आईवडील गिरणीत काम करायला जात."

मी मान वर केली. कोंड्याला इंग्रजी शब्द तिला ठाऊक नसेल, असं मला वाटलं.

"नुसता कोंडा खाऊन हिचे पाय सुजले," येसाया म्हणाला. "दवाखान्यात नेली तर नर्स सगळ्यांसमोर ओरडली. म्हणाली, मुलगी मरायला टेकेपर्यंत काय करत होतास?"

"मी लहानपणी आजारी पडले होते. वडिलांनी मला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं. मी बरी झाले."

आता माझ्या ध्यानात आलं. शब्दांची अडचण नव्हतीच.

बाई वहीत लिहीत होत्या. मान हलवत होत्या, पण सभ्यपणानं हलवतात तशी. तरुणानं कॅमेरा खाली घेतला होता. बाईंनी तियामिकेला विचारलं, "बाळा, त्यांना विचार, सगळ्यात कठीण दिवस कोणता होता?"

तियामिके वडिलांकडे वाकली आणि चिचेवात म्हणाली, "बाबा, झालं म्हणतायत. पुरे."

येसाया गोंधळला. "पुरे कसं? कसावा राहिला की."

"त्यांना घाई आहे."

"कसाव्याला वेळ लागत नाही," असं म्हणून त्यानं बाईंकडे तोंड केलं आणि कसावा सांगितला. घरात चूल पेटली नव्हती ते सांगितलं. विधवेच्या शेतात कसा शिरलो, हातानं माती उकरून कंद कसे काढले, कुत्रं कसं भुंकलं आणि लोक पेटती लाकडं घेऊन कसे आले, ते सगळं. सांगताना त्याचा आवाज नेहमीच्या जागी खाली आला, नेहमीच्या जागी थांबला.

तियामिके म्हणाली, "एकदा वादळात आमचं छप्पर उडून गेलं. तो सगळ्यात कठीण दिवस होता."

बाई माझ्याकडे झुकल्या. "अहवालात मी काही वेगळंच वाचलं होतं, असं आठवतं. ती बरोबर सांगतेय ना?"

मी तियामिकेकडे पाहिलं. ती समोर गोठ्याकडे बघत होती. पाठीमागे धरलेल्या हातांनी तिनं आपलंच मनगट आवळलं होतं.

"हो," मी म्हणालो. "बरोबर आहे."

बाईंनी वही मिटली. "छान कुटुंब आहे. कष्टाळू आहेत." मग साहेबांना म्हणाल्या, "मला एक सांगा. पलीकडच्या गावात परिस्थिती खरंच इतकी वाईट आहे का? मला तीन देशांतून निवडायचंय. जिथे निकड जास्त, तिथे जायला हवं ना?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

येसायाला इंग्रजी येत नव्हतं, पण तोंडावरचं वाचता येत होतं. त्यानं मुलीला विचारलं, "सांगितलंस ना सगळं?"

"सांगितलं."

"कसावा?"

"सांगितला."

त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "बाम्बो, सांगितला हिनं?"

"सांगितला," मी म्हणालो.

एका दमात मी दोघांशी दोन भाषांत खोटं बोललो होतो आणि तरी मला वाटत होतं की आपण काहीतरी भलंच करतोय.

येसाया क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्यांचा हात तोंडावर गेला नाही. कसाव्याला सगळ्यांचा हात तोंडावर जातो."

आणि तो उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. बाईंकडे सरळ बघत इंग्रजीत म्हणाला,

"ॲक्च्युअली, आय वॉज अ थीफ. आय स्टोल फ्रॉम अ पुअर विडो. ॲट नाइट, लाइक अ हायना."

वाक्य माझं होतं. 'ॲक्च्युअली' माझं होतं. प्रत्येक वाक्याआधी ते लावायची मला खोडच होती, आणि त्याला तो वाक्याचाच भाग वाटला असणार. 'विडो'तला व मी माढ्याच्या शाळेत शिकलो तसाच दाबून म्हटलेला होता. माझ्या शेजारी उभा राहून, गाडीमागून गाडी, त्यानं माझं इंग्रजी कानानं पाठ केलं होतं.

आणि हायना, म्हणजे तरस. येसाया चिचेवात तरसाचं नाव कधीच घेत नसे. ते माझ्या पदरचं होतं. पहिल्याच पाहुण्यांच्या वेळी बोलण्याच्या भरात मी ते घालून दिलं, ऐकणाऱ्यांवर परिणाम झालेला दिसला, म्हणून राहू दिलं. त्या भागात तरस म्हणजे काय, हे मला पुढे कळलं होतं. रात्री माणसाचं रूप टाकून हिंडणाऱ्या, करणी करणाऱ्या माणसाला तिथे तरस म्हणतात. हे कळल्यावरही मी ते वाक्यातून काढलं नव्हतं. मी इंग्रजीत तर बोलतोय, असं माझं मला उत्तर होतं.

बाईंचा हात तोंडावर गेला. तरुणानं कॅमेरा उचलला. येसायाच्या चेहऱ्यावर, काम फत्ते झाल्यावर माणसाच्या तोंडावर येतो तसा सुटकेचा भाव आला. त्यानं आणखी जोर लावून म्हटलं, "लाइक अ हायना, मॅडम."

कुंपणापलीकडची दोन-चार पोरं फिस्सकन हसली. त्यांना शाळेत इंग्रजी होतं.

तियामिकेनं मनगट सोडलं. चटईला वळसा घालून, कोणाकडेही न बघता ती नदीच्या वाटेनं चालायला लागली. बाई उठल्या आणि त्यांनी येसायाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुमच्यासारखा धीट माणूस मी पाहिला नाही," असं त्या म्हणाल्या. त्याचं चिचेवात भाषांतर करायला मात्र मला पुढे व्हावं लागलं.

साहेब पाहुण्यांना घेऊन कांबिरीला गेले. मी माझ्या मोटरसायकलवर आलो होतो, म्हणून मागे राहिलो. येसायाला काही बोलायची मला हिंमत होईना. मी नदीकडे गेलो.

तियामिके पंपावर उभी राहून पाय मारत होती. कांद्याचे वाफे तुडुंब भरले होते, पाणी बांधावरून सांडत होतं, तरी ती थांबत नव्हती.

"कांदा सडेल," मी म्हणालो.

ती थांबली. दमानं तिची छाती वरखाली होत होती. "तुम्ही त्या बाईंना 'बरोबर आहे' म्हणालात. का?"

"तू जे करत होतीस ते मला दिसत होतं."

"मग आधीच्या पाहुण्यांना असंच झाकून का नाही सांगितलंत? मी नसताना?"

मी वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायला वाकलो.

"हायना कोणी शिकवलं त्यांना?" तिनं विचारलं. "बाबा आपल्या तोंडानं स्वतःला तसं म्हणायचे नाहीत. त्यांना ठाऊक तरी आहे का, आपण काय बोललो ते?"

"नाही."

"सांगू नका त्यांना."

"नाही सांगणार."

तिनं पंपाची दांडी दोन्ही हातांनी धरली. "शाळेत पोरं मला हायना म्हणतात. वर्षभर म्हणतायत. मला वाटायचं, माझ्या दातांमुळे म्हणतात. मी तोंड मिटून हसायला लागले." मग ती म्हणाली, "कसाव्याची गोष्ट गावात कोणी काढत नव्हतं, बाम्बो. ते संपलं होतं. आई म्हणते, संपलं होतं. तुमची गाडी यायची आणि शाळा चुकवून आलेली पोरं भोवती उभी राहून ऐकायची. दर गाडीला बाबा नव्यानं चोरी करायचे."

मला म्हणायचं होतं की यातूनच पत्रा आला, शेळ्या आल्या, तुझी शाळा आली. पण ते खरं नव्हतं. शेळ्या आधी आल्या होत्या, गोष्ट नंतर. गोष्ट सांगितली नसती तरी येसायाच्या शेळ्या कोणी परत नेल्या नसत्या. हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं. तो ते फेड समजून करत होता.

"मी तुझ्या वडिलांशी बोलतो," मी म्हणालो.

"कुठल्या भाषेत?" असं म्हणून तिनं पुन्हा पंपावर पाय ठेवला.

महिन्याभरात कांबिरीचं मंजूर झालं. बाईंच्या पत्रात येसायाचा खास उल्लेख होता. साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मालिताला शेळ्या मिळाल्या, बियाणं मिळालं. पुढच्या जानेवारीत, नव्या पिकाआधीच्या त्या उपाशी दिवसांत, तिच्या घरात मका होता. तिच्या धाकट्याचे पाय सुजले नाहीत. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या एका वाक्यानं चाळीस घरांना हात दिला, हे मला नाकारता येत नाही. म्हणूनच ते अजून घशात अडकून आहे.

मी साहेबांना सांगितलं, यापुढे पाहुण्यांना न्खोमांकडे नेणार नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. मग दुसरं कोणीतरी शोध. कांबिरीत बघ. नवीन गाव आहे, ताजी माणसं सापडतील."

ते सांगायला मी येसायाकडे गेलो. तो वळचणीला बसून काथ्याचं दावं वळत होता. एनिफानं मला चहा आणि उकडलेलं रताळं आणून दिलं आणि जाता जाता हलक्या आवाजात म्हणाली, "पोरगी त्या दिवसापासून बापाशी बोलली नाही. ताट वाढते, पण तोंड फिरवून."

स्वयंपाकाच्या खोपटातून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"येसाया," मी म्हणालो, "आता पाहुणे तुमच्याकडे येणार नाहीत. तुम्हाला काही सांगावं लागणार नाही."

दावं वळणारे त्याचे हात थांबले. "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही."

"मग कुठे जातील ते?"

मी रताळं सोलायला घेतलं. त्यानं ओळखलं.

"मालिताच्या गावी," तो म्हणाला. "तिथे मालितालाच विचारतील. ती माझी बहीण, तिलाही सांगता येत असेल, म्हणतील." त्यानं दावं बाजूला ठेवलं. "तिला नको, बाम्बो. त्या वर्षी मुलांना जगवायला तिनं जे केलं, ते माझ्या कसाव्याहून वाईट आहे. ते तिनं मला एकट्याला सांगितलंय. त्यांना माझ्याकडेच आणा. माझं आता सांगून सांगून झिजलंय. मला लागत नाही."

खोपटातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"फक्त एक काम करा," येसाया म्हणाला. "शेवटच्या वाक्याचं इंग्रजी मला सांगा."

"कुठल्या शेवटच्या?"

"आगोगोंच्या शेताचं." आगोगो म्हणजे आजी, त्या विधवा म्हातारीला गावात सगळे तसंच म्हणत. "पुढच्या पावसात मी त्यांचं शेत खणून दिलं. उपटला होता त्याच्या दुप्पट कसावा लावून दिला. आणि त्यांनी सगळ्या गावासमोर आपल्या हातानं मला पाणी प्यायला दिलं. मी दर वेळी सांगतो की हे. पण तिथे आलो की तुम्ही काही बोलत नाही, नुसते पाहुण्यांकडे बघता. मला वाटलं, त्याला इंग्रजी नसेल."

खरं होतं. तो ते दर वेळी सांगायचा. पण तोवर समोरच्यांचे डोळे भरून आलेले असत, आणि पुढे एक शब्दही बोललो तर ते सगळं सैल पडेल असं मला वाटे. पहिल्यांदा मी ते वाक्य मुद्दाम सोडलं. पुढे ते मला ऐकूच येईनासं झालं. आत्ता ही हकिकत सांगतानासुद्धा, येसाया काय बोलायचा ते मी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा तिथपर्यंत येऊन थांबलो.

"आहे," मी म्हणालो. "इंग्रजी आहे त्याला."

"मग सांगा."

मी हळूहळू म्हटलं, "आय प्लांटेड हर फील्ड अगेन."

तो पुढे सरकून बसला. कानानं पाठ झालेलं वाक्य सोडलं, तर ल आणि र यांच्यात तिकडच्या माणसाची नेहमी गफलत होते. "आय प्रांटेड..." तो म्हणाला, थांबला, जिभेनं ओठ ओले केले. "आय प्रांटेड हर फीर्ड..."

"अगेन."

"अगेन." मग त्यानं विचारलं, "यात दुप्पट आलं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात खोपटाच्या दारातून आवाज आला.

"नाही आलं."

तियामिके दारात उभी होती. हातात अर्धवट घासलेलं पातेलं होतं, कोपरापर्यंत राख होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, वडिलांकडेही नाही. पातेल्याकडे बघत होती.

"ट्वाइस ॲज मच," ती म्हणाली. "दुप्पट म्हणजे ट्वाइस ॲज मच. अगेन म्हणजे नुसतं पुन्हा."

येसायानं मान वळवली, पण पुरती नाही. पाखरू उडून जाईल म्हणून माणूस जपून हलतो, तसा.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

तिनं पुन्हा म्हटलं. त्यानं तिच्यामागून म्हटलं, चुकलं. तिनं पातेलं खाली ठेवलं, हातांची राख झग्याला पुसली आणि वळचणीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. "असं नाही. आधी 'आय प्लांटेड.' जीभ वर लावायची. प्लां."

"प्लां," येसाया म्हणाला.

माझ्या हातातला चहा निवून गेला होता. मी कप एनिफाच्या हातात दिला. ती परत येऊन उभी राहिली होती; मला जायची खूण करत होती असं नाही, पण थांबा असंही म्हणत नव्हती. मी उठलो. बापलेकीचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मागून ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, एकदा तिच्या आवाजात, एकदा त्याच्या. मी मोटरसायकल सुरू केली नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत ती ढकलत नेली.